दोष एसीचा नव्हे, वाटेचा

घरी ट्यूबचा गिटार ॲम्प बांधणाऱ्यांमध्ये एक समज इतका रुजला आहे की त्याची चिकित्सा करावी असं कुणाला वाटतच नाही. ॲम्प पहिल्यांदा सुरू केला, ट्यूब तापल्या आणि गिटारच्या तारेला बोट लागण्याआधीच स्पीकरमधून हम येऊ लागला, की निदान तयार असतं : हीटरला एसी दिलाय, दुसरं काय होणार? उपायही तयार असतो : ब्रिज रेक्टिफायर बसवा, दहा हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका आणि हीटरला डीसी द्या. हे निदान बहुतेक वेळा चुकतं. उपाय बहुतेक वेळा अनावश्यक असतो आणि काही वेळा त्याने ॲम्प आधीपेक्षा वाईट वाजतो. हे मत मी नुसतं मांडून थांबणार नाही, त्यामागचा हिशेबही देतो.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो असा. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात कॅथोडची बारीक नळी असते आणि त्या नळीत हीटरची तापलेली तार. गिटार ॲम्पच्या पहिल्या पायरीवर हमखास दिसणारा ईसीसी ८३, म्हणजेच अमेरिकी नावाने १२एएक्स७, घ्या. त्याच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यातून ३०० मिलिॲम्पिअर वाहतात. पिकअपमधून येणारा सिग्नल मात्र शंभर मिलिव्होल्टच्या आसपासचा. म्हणजे सिग्नलच्या साठपट मोठा, सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारा व्होल्टेज त्याच काचेच्या आत, कॅथोडच्या अगदी अंगाला भिडून असतो. सिग्नलमध्ये शिरायला त्याला तीन वाटा आहेत. हीटर आणि कॅथोड यांच्यामधलं इन्सुलेशन परिपूर्ण नसतं, त्यातून थोडी गळती होते. शिवाय हीटरची तार स्वतःच तापलेली असल्याने तिच्यातूनही इलेक्ट्रॉन कॅथोडकडे जातात. दुसरी वाट हीटरच्या वायरी आणि ग्रिड (सिग्नल जिला दिला जातो ती जाळी) यांच्यामधल्या कपॅसिटन्सची. तिसरी हीटरच्या करंटभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची. या तिन्हींचं मूळ बदलत्या व्होल्टेजमध्ये किंवा बदलत्या करंटमध्ये आहे. ते बदलणंच थांबवलं तर तिन्ही वाटा एका फटक्यात बंद होतात. युक्तिवाद सुबक आहे. वर अनेकांचा अनुभवही जोडलेला असतो : आम्ही डीसी दिला आणि हम गेला.

या पक्षामागे इतिहासही आहे. १९२०च्या दशकातले व्हॉल्व्ह बॅटरीवर चालत, कारण त्यांत तापणारी तार हाच कॅथोड असे. अशा तारेला एसी दिला की तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा व्होल्टेज थेट सिग्नलमध्ये उमटतो. तो कमी राहावा म्हणून २२६ या व्हॉल्व्हचा फिलॅमेंट केवळ दीड व्होल्टचा ठेवला होता आणि करंट जवळजवळ एक ॲम्पिअर. आजही ३००बी किंवा २ए३सारख्या, फिलॅमेंट हाच कॅथोड असलेल्या व्हॉल्व्हना डीसी देणारे काही चूक करत नाहीत.

पण खंडनाची सुरुवात याच इतिहासापासून होते. १९२७ साली आरसीएचा यूवाय-२२७ बाजारात आला. त्यात हीटर आणि कॅथोड वेगळे केले होते, आणि हा खटाटोप केला होता तो नेमका एसीवर व्हॉल्व्ह चालवता यावा म्हणून. गिटार ॲम्पमधले ईसीसी ८३, ईएल ८४, ईएल ३४, ६एल६ हे सगळे याच वंशाचे. ज्या अडचणीसाठी ही रचना जन्माला आली ती अडचण अजून सुटलेलीच नाही, असं धरून चालणं म्हणजे त्या रचनेचं प्रयोजनच नाकारणं होय. पुढच्या इंजिनिअरांनीही हीटर डीसीवर नेण्यापेक्षा हीटरची घडण सुधारण्यावर मेहनत घेतली. ईएफ ८६मध्ये हीटरची तार दुहेरी गुंडाळली, म्हणजे शेजारशेजारच्या वेढ्यांतले करंट विरुद्ध दिशेने वाहून एकमेकांचं क्षेत्र खोडतात. १२एएक्स७ची कमी हम असलेली आवृत्ती ७०२५ या क्रमांकाने निघाली. ज्या रेडिओंमध्ये सगळे हीटर एकामागोमाग एका साखळीत जोडलेले असत, तिथे डिटेक्टर आणि पहिला ऑडिओ व्हॉल्व्ह साखळीच्या चॅसिसकडच्या टोकाला ठेवत, कारण तिथे एसीचा व्होल्टेज सर्वांत कमी. घरोघरी वाजलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओंचे हीटर वर्षानुवर्षं एसीवरच जळले आणि रात्रीच्या शांततेत लोकांनी त्यांवर गाणी ऐकली.

आता निदानाकडे येतो, कारण खरी गफलत तिथे आहे. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. हीटरचा हम म्हणजे प्रामुख्याने ५० हर्ट्झचा आवाज. हाय टेन्शनचा, म्हणजे प्लेटला लागणाऱ्या शेकडो व्होल्टांचा, पुरवठा मात्र दोन्ही अर्धलहरी सरळ करून मिळतो, त्यामुळे त्यातली लहर १०० हर्ट्झची. घरी बांधलेल्या ॲम्पमधून जी घरघर ऐकू येते, तिच्यात बहुतेक वेळा १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले स्वर ठळक असतात. ते सहसा हीटरच्या एसीमुळे नसतात. ते अपुऱ्या फिल्टरमुळे असतात, पुशपुल जोडीतल्या दोन व्हॉल्व्हचे करंट सारखे नसल्यामुळे असतात, किंवा (आणि हे फार मोठ्या प्रमाणावर) पहिल्या फिल्टर कंडेन्सरचा चार्जिंग करंट आणि पहिल्या पायरीचा ग्राउंड यांनी चॅसिसवरचा एकच रस्ता धरल्यामुळे असतात. हीटरला डीसी देऊन यातलं काहीच सुधारत नाही.

बरं, ५० हर्ट्झ सापडला तरी तो हीटरचाच, असंही नाही. फिक्स्ड बायस असलेल्या अनेक ॲम्पमध्ये बायसचा पुरवठा एकाच डायोडने, अर्धलहरीवर केलेला असतो. तिथला कंडेन्सर दुबळा झाला की ५० हर्ट्झच येतो. मेन ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतं तेव्हाही तो येतो, आणि गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपला तर खोलीतली सगळी वायरिंग ऐकू येते. इनपुट शॉर्ट न करता हमचं मूळ शोधायला बसणं व्यर्थ आहे.

हीटर दोषी आहे की नाही हे ठरवण्याची एक सोपी कसोटी आहे. पहिल्या व्हॉल्व्हचा हीटर एसीपासून पूर्ण सोडवायचा आणि त्याच्या ४ आणि ५ क्रमांकांच्या पिनांना यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी जोडायची. ९ क्रमांकाची पिन मोकळी, बॅटरीचं एक टोक चॅसिसला. या जोडणीत ईसीसी ८३ला १५० मिलिॲम्पिअर पुरतात, सात ॲम्पिअर-तासांची बॅटरी तासन्‌तास चालेल. बॅटरीहून शुद्ध डीसी मिळणार नाही. एवढं करूनही हम तसाच राहिला, तर जगातला कुठलाही रेक्टिफायर आणि रेग्युलेटर तो घालवू शकणार नाही. दुसरी कसोटी याहून झटपट : हीटरच्या दोन्ही वायरी एकदम तोडणारा स्विच तात्पुरता बसवून तो बंद करायचा. कॅथोड काही सेकंद गरम राहतो आणि ॲम्प तेवढा वेळ वाजत राहतो. त्या क्षणी हम तुटला तर हीटर दोषी. आवाजाबरोबर हळूहळू विरला तर हीटर निर्दोष. हे स्विचनेच करायचं, वायर हाताने ओढून नव्हे. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते टिकून राहतात.

ज्यांच्या ॲम्पमध्ये हीटर खरोखरच दोषी ठरेल, त्यांच्यासाठी पुढचा हिशेब. उदाहरणापुरतं धरून चालू की हीटर-कॅथोड गळतीचा रेझिस्टन्स दहा मेगाओहम आहे आणि हीटरची एक बाजू चॅसिसला जोडलेली आहे, जशी पन्नाशीच्या दशकातल्या फेंडरच्या काही लहान ॲम्पमध्ये असे. अशा जोडणीत कॅथोडला हीटरचा सरासरी ३.१५ व्होल्ट एसी दिसतो, म्हणून गळती ०.३ मायक्रोॲम्पिअरची. कॅथोडचा रेझिस्टर दीड किलोओहमचा आणि प्लेटवर शंभर किलोओहम असतील, तर त्या गळतीला कॅथोडवर सुमारे ७७५ ओहम भेटतात. म्हणजे पाव मिलिव्होल्टचा हम, शंभर मिलिव्होल्टच्या सिग्नलपेक्षा ५२ डेसिबलने खाली. गेन वाढवला की हा ऐकू येईल, यात शंका नाही. आता कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा नेहमीचा कंडेन्सर असेल तर ५० हर्ट्झला त्याचा विरोध फक्त १२७ ओहम असतो. हम सहाव्या हिश्शावर येतो, ५२चे ६८ डेसिबल होतात. याच जागी मार्शलच्या धर्तीवर २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरड घातले, तर त्या छोट्या कंडेन्सरचा ५० हर्ट्झला विरोध ४.७ किलोओहम, हमच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. तोच व्हॉल्व्ह, तोच हीटर, तोच एसी, आणि तरी दोन सर्किटांच्या हममध्ये अठरा-एकोणीस डेसिबलचं अंतर. मग दोष एसीचा कसा? गळतीला जी वाट आपण देतो, तिचा तो परिणाम आहे.

दुसऱ्या वाटेचीही हीच गोष्ट. हीटरची वायर आणि ग्रिडची वायर यांच्यात एक पिकोफॅरड जरी असला तरी ५० हर्ट्झला तो तीन अब्ज ओहमहून मोठा अडथळा आहे. पण ग्रिडच्या मागे एक मेगाओहम मोकळा लटकत असेल, तर त्या नगण्य करंटचा एक मिलिव्होल्ट होतो. मागे दहा किलोओहमच असतील तर त्याचा शंभरावा हिस्सा. म्हणून गिटार जोडल्यावर पहिल्या ग्रिडपेक्षा व्हॉल्यूम आणि टोन कंट्रोलनंतरच्या ग्रिडची वायर जास्त जपावी लागते. ती आखूड असली पाहिजे, चॅसिसला बिलगून गेली पाहिजे आणि हीटरच्या जोडीला ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडली पाहिजे.

आता डीसीच्या पक्षाला त्याच्याच मापाने मोजू. ०.३ ॲम्पिअरच्या भारावर दहा हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे ०.३ व्होल्टची करवती लहर सोडतो. तिच्यातला १०० हर्ट्झचा मूळ घटक साधारण ०.०७ व्होल्टचा. असंतुलित एसीच्या ३.१५ व्होल्टशी तुलना केली तर हा ३३ डेसिबलचा फायदा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण ही लहर ५०ऐवजी १०० हर्ट्झवर आली, म्हणून कपॅसिटन्सच्या वाटेने ती दुप्पट सहज जाते : ६ डेसिबल परत गेले. माणसाच्या कानाला ५० हर्ट्झचा स्वर ऐकू येण्यासाठी सुमारे ४४ डेसिबलची पातळी लागते, १०० हर्ट्झला २६.५ पुरतात : आणखी १७ गेले. गिटारच्या स्पीकरचा कलही त्याच दिशेचा आहे. सेलेस्टिऑनच्या जी१२एम या प्रसिद्ध स्पीकरचा अनुनाद ७५ हर्ट्झच्या आसपासचा. त्याखाली तो झपाट्याने मुका होत जातो. उघड्या पाठीच्या खोक्यात ५० हर्ट्झला फार थोडा वाव उरतो, १०० हर्ट्झ मात्र थेट गिटारच्या मंद्र तारांच्या टापूत येतो. तेहतिसांपैकी हातात उरतात जेमतेम दहा. आणि ही तुलना सर्वांत वाईट एसीशी होती. हीटरची जोडी नुसती समतोल केली, की एका वायरीचा व्होल्टेज वर जाताना दुसरीचा तेवढाच खाली जातो आणि दहाहून कितीतरी अधिक डेसिबल विनाखर्च मिळतात.

याशिवाय रेक्टिफायरचे स्वतःचे उपद्रव आहेत. कंडेन्सर लहरीच्या शिखरावरच भरतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून क्षणिक पण प्रचंड झोत वाहतात. डायोड बंद होताना जे टोकदार झटके उठतात ते किलोहर्ट्झच्या घरातले असतात आणि तो एक पिकोफॅरड त्यांना ५० हर्ट्झपेक्षा वीस-पन्नासपट मोकळा असतो. वाइंडिंगही तापतं, ब्रिज आणि कंडेन्सरमागे त्याच्यातून एसीच्या क्षमतेच्या साधारण ५५ ते ६० टक्केच डीसी करंट घेता येतो. व्होल्टेजचं गणितही जुळत नाही. ६.३ व्होल्टची शिखरं ८.९ची, त्यातून दोन डायोड दीड ते दोन व्होल्ट खातात, लहर आणखी थोडं खाते. नेहमीच्या तीन पायांच्या रेग्युलेटरला डोक्यावर दोनेक व्होल्ट लागतात. ते उरतच नाहीत. पण सर्वांत घातक चूक जोडणीची. वाइंडिंगचा सेंटर टॅप आधीच ग्राउंड केलेला आहे आणि त्याच वाइंडिंगवर ब्रिज बसवून त्याचं ऋण टोकही ग्राउंडला जोडलं, तर अर्धं वाइंडिंग एका डायोडमधून शॉर्ट होतं. ट्रान्सफॉर्मर जळतो तो असा.

राहिला अनुभवाचा पुरावा : डीसी दिला आणि हम गेला. अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण डीसी बसवताना माणूस आणखी काय काय करतो ते पाहा. तो हीटरच्या जुन्या, अस्ताव्यस्त वायरी उपसतो, नव्या वायरी ग्रिडपासून लांब ओढतो, सोल्डरचे कच्चे सांधे पक्के करतो, ग्राउंड नव्याने बांधतो. एका वेळी चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं. त्याच कष्टांत एसीच नीट ओढला असता तर काय झालं असतं, हे त्या प्रयोगातून कळतच नाही.

एसी नीट ओढणं म्हणजे काय, ते आता सांगतो. हीटरच्या दोन वायरी घट्ट पिळलेल्या हव्यात, शेवटच्या सॉकेटच्या पिनेपर्यंत. दोन ईएल ३४ आणि दोन ईसीसी ८३ असलेल्या ॲम्पमध्ये सुरुवातीच्या टप्प्यात ३.६ ॲम्पिअर वाहतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरकडून आधी पॉवर व्हॉल्व्हकडे जायचं आणि इनपुटचा व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी घ्यायचा, जिथे फक्त त्याचेच ३०० मिलिॲम्पिअर उरतात. वाइंडिंगला सेंटर टॅप असेल तर उत्तम. नसेल तर दोन्ही बाजूंना शंभर-शंभर ओहमचे, एकमेकांशी मापून जुळवलेले रेझिस्टर घालून कृत्रिम मध्य तयार करायचा. प्रत्येकात जेमतेम ०.१ वॉट जळतो, अर्ध्या वॉटचे पुरतात. सेंटर टॅप असताना हे रेझिस्टर घालू नयेत. त्यांच्या जागी दोनशे-पाचशे ओहमचा पॉट, म्हणजे हमडिंगर, घातला तर वायरींमधली उरलीसुरली विषमताही कानाने ऐकत खोडून काढता येते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. हा मध्य सरळ ग्राउंडला न जोडता ग्राउंडच्या वर, तीस ते साठ व्होल्टांच्या स्थिर डीसीवर बसवायचा. समतोल हीटरचं प्रत्येक टोक ग्राउंडच्या वरखाली साडेचार व्होल्टांपर्यंत जातं. पहिल्या व्हॉल्व्हचा कॅथोड असतो दीड व्होल्टवर. म्हणजे प्रत्येक फेरीत काही काळ हीटर कॅथोडपेक्षा ऋण होतो, आणि नेमक्या त्याच वेळी तापलेल्या तारेतले इलेक्ट्रॉन कॅथोडकडे धावतात. हा प्रवाह तुकड्यातुकड्यांचा असल्याने त्यातून ५०च्या पटीतले कर्कश स्वरही निघतात, आणि समतोल कितीही साधला तरी ते खोडले जात नाहीत. हीटर सतत कॅथोडच्या वर ठेवला की ही गळती उगमाशीच थांबते. लागतं काय, तर हाय टेन्शनवरून दोन रेझिस्टरांचा विभाजक आणि त्याच्या खालच्या रेझिस्टरला समांतर वीस-तीस मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. आनुषंगिक लाभही आहे. फेंडरच्या बासमन किंवा मार्शलच्या धर्तीच्या ॲम्पमध्ये टोन कंट्रोलच्या आधी कॅथोड फॉलोअर असतो आणि त्याचा कॅथोड दीडशे-दोनशे व्होल्टवर बसतो. ईसीसी ८३ला हीटर आणि कॅथोड यांच्यात १८० व्होल्टांची मर्यादा आहे. हीटर वर उचलला की तिथला ताणही तेवढाच उतरतो.

आपल्याकडच्या बांधणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी तपासावी. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टच्या हिशेबाने बांधून घेतला असेल आणि घरी २४० येत असतील, तर हीटरला ६.३च्या जागी जवळजवळ ६.९ मिळतात. हीटरच्या व्होल्टेजला असलेली दहा टक्क्यांची सूट तिथेच जवळजवळ संपते. अति तापलेला हीटर जास्त गळतो आणि व्हॉल्व्हचं आयुष्यही कमी करतो. प्रत्येक वायरीत एक लहान रेझिस्टर घालून हे सुधारता येतं, मात्र दोन्ही वायरींत सारखाच, नाहीतर साधलेला समतोल बिघडतो.

डीसीला जागाच नाही, असं मी म्हणत नाही. चार-पाच पायऱ्यांचा हाय गेन ॲम्प असेल, पहिल्या पायरीचा कॅथोड मुद्दाम कमी बायपास केलेला असेल, वर सांगितलेलं सगळं करून झालं असेल आणि बॅटरीच्या कसोटीत फरक स्पष्ट ऐकू येत असेल, तर पहिल्या व्हॉल्व्हपुरता डीसी योग्य आहे. तो स्वतंत्र वाइंडिंगवरून घ्यावा, कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या रेग्युलेटरमधून द्यावा आणि त्याचा संदर्भ त्याच उचललेल्या बिंदूला जोडावा. पण तो बसवणाऱ्याने आधी पिळलेला, समतोल आणि उचललेला एसी त्याच चॅसिसमध्ये, त्याच ग्राउंडवर चालवून इनपुट शॉर्ट ठेवून ५० आणि १०० हर्ट्झचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत, आणि मग फक्त हीटरचा पुरवठा बदलून तेच आकडे पुन्हा घ्यावेत. अशी दोन मोजमापं समोर ठेवून कुणी डीसीचा पक्ष मांडला, तर त्या ॲम्पपुरता मी तो मान्य करेन.